पावणेबासष्ट इंच

देवीदास भित्रा माणूस होता. त्याला कमीपणा द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. सौंसरच्या आमच्या कला मंडळात तो अकरा वर्षं प्रॉम्प्टर होता, आणि प्रॉम्प्टर थोडा भित्रा असलेलाच बरा. पडद्याआड वही घेऊन बसायचं आणि नटाच्या तोंडून शब्द निसटला की पुढचा हळूच द्यायचा, एवढंच ते काम. पण मी खेळातल्या मावशीच्या लुगड्यात कमरेवर हात ठेवून हजार माणसांसमोर उभा असलो की विंगेत देवीदासचे ओठ माझ्याबरोबर हलायचे आणि त्याचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा.

खेळ संपल्यावर मी त्याला म्हणायचो, "अबे, भुललो तं मी भुललो. तुले काहून घाम येते?"

"तुमी भुलले तं लोक हासतेत, भाऊ. तुमाले ते पचते. म्या चुकीचा शब्द देला तं?"

"तं काय होते?"

"तेच तं मालूम नाही," तो म्हणायचा. "मालूम असतं तं येवढं भेव नसतं लागलं."

तो जाम नदीपलीकडच्या सावरगावचा. वडील श्रावण दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत मजुरी करायचे. ते लवकर गेले, आणि आई अंबाबाईनं निंदण-वेचण करून या एकुलत्या एक मुलाला छिंदवाड्याच्या आयटीआयपर्यंत पोचवलं. तिथून तो ड्राफ्ट्समन होऊन निघाला आणि बोरगावच्या एका कारखान्यात लागला. लोखंडी शेड, जिने, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड असलं काम तिथं व्हायचं. इंदूशी लग्न झालं, सौंसरात खोली घेतली, आईला घेऊन आला. त्यांच्या वस्तीतून कारखान्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसणारा तो पहिला. पण तो त्या खुर्चीवर कधी पाठ टेकून बसला नाही. खुर्ची आज आहे, उद्या कुणी उठ म्हणेल, असा पुढे सरकून बसायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर कारखान्याचे मालक वसंतसेठ यांनी कंप्युटर आणला. वेगळी खोली, खिडकीला पडदे, दाराशी चपला काढायच्या. त्या मशीनमध्ये नकाशे काढायचा एक प्रोग्राम होता, आणि त्याच्या पोटात लिस्प नावाची एक भाषा. त्या भाषेत नीट लिहून दिलं की मापांची यादी मशीन स्वतःच वाचते, नकाशा स्वतःच काढते आणि कोणता तुकडा किती लांबीचा कापायचा ते छापूनही देते. शिकवणारा कोणी नव्हता. झेरॉक्स केलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. देवीदासनं ते तीन महिने वाचलं, तालमीतसुद्धा वहीखाली ठेवून वाचलं.

मला त्यानं ती भाषा समजावून सांगितली, ती मी माझ्या परीनं सांगतो. यादीतून उचललेली प्रत्येक गोष्ट मशीनला आधी नुसती अक्षरं वाटते. एकसष्ट लिहिलं असलं तरी ते त्याच्या लेखी सहा आणि एक अशी दोन चित्रं. त्यात चार मिळवता येत नाहीत, त्याचं अर्धं करता येत नाही, तेवढ्या लांबीची रेघ ओढता येत नाही. आम्ही मुकुट घालून राजा झालो तरी आमच्या हुकमानं तहसीलीतला चपराशी हलत नाही, तसं. मग त्या अक्षरांचा खराखुरा आकडा करायला एक हुकूम आहे, त्याचं नाव एटॉफ. हिशेब झाला की त्या आकड्याची परत अक्षरं करून कागदावर छापायची, त्याला दुसरा हुकूम, आरटॉस. आत यायचं एक दार, बाहेर जायचं दुसरं. देवीदासनं त्या दोन दारांमध्ये आपला सगळा प्रोग्राम बसवला होता.

त्यानं तो तपासलाही होता. स्वतः साडेबारा, सव्वादहा अशी मापं दशांशात लिहिली, यादी चालवली, छापून आलेला कागद हातानं पुन्हा ताडून पाहिला. बरोबर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवला. पुन्हा बरोबर. वसंतसेठ खूश झाले आणि म्हणाले, आता छापील यादीशिवाय एक तुकडा कापायचा नाही.

त्या वेळी आमच्या मंडळानं त्या कारखान्याला एक काम दिलं होतं. आमच्या खेळांना बाया यायच्या फार, पण बसायच्या कडेला, पुरुषांच्या पाठीमागे, आणि पुरुषांची टाळकीच बघून घरी जायच्या. म्हणून शाळेच्या मैदानावर खास त्यांच्यासाठी नऊ पायऱ्यांची लोखंडी ग्यालरी करायची ठरली. सगळ्यात वरची फळी दोन माणसांच्या उंचीवर.

जागेची मापं घेतली सुखदेव मिस्त्रींनी. साठीचा माणूस, कारखान्यातला सगळ्यात जुना. मिस्त्री मापं लिहायचे जुन्या पद्धतीनं. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. एकसष्टपुढे तीन रेघा काढल्या की पावणेबासष्ट. आमच्या वडिलांच्या पिढीला ही लिपी दुकानात, सुताराकडे, सगळीकडे चालायची. मिस्त्रींनी बेचाळीस मापांची चिठ्ठी लिहिली, ऑफिसात दिली आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले.

चिठ्ठी टाइप करायला बसली जयश्री. मॅट्रिक झालेली, हुशार मुलगी, टायपिंगमध्ये पहिली आलेली. तिनं कागदावर जे दिसलं ते जसंच्या तसं उतरवलं. मशीनच्या कीबोर्डवर उभ्या रेघेचं एक बटन असतं. जिथं मिस्त्रींची एक रेघ तिथं तिनं ते एकदा दाबलं, तीन तिथं तीनदा. एकही चूक केली नाही. देवीदासनं यादी प्रोग्रामला दिली, कागद छापून आला, तुकडे कापले गेले, भोकं पडली, ट्रॅक्टरवर लादून माल सौंसरला आला. शनिवारी गजानन फिटरनं माणसं लावून ग्यालरी उभी केली.

रविवारी दुपारी तीन वाजता आमचा खेळ होता. दुपारी अशासाठी की लोधीखेड्याच्या बायांना संध्याकाळची छोटी रेल धरून परत जायचं असे.

त्या रविवारी सकाळी देवीदास बोरगावला ऑफिसात गेला. सोमवारी एका जिन्याचं काम सुरू व्हायचं होतं, त्याची यादी तयार ठेवावी म्हणून. नमुन्यादाखल त्यानं जयश्रीनं टाइप केलेली ग्यालरीची यादी पडद्यावर उघडली. ती त्यानं तोवर डोळ्यांनी कधी पाहिलीच नव्हती. फक्त प्रोग्रामला दिली होती. एका ओळीत एकसष्ट आणि त्यापुढे तीन उभ्या रेघा.

त्याला वाटलं काचेवर काही लागलं आहे. त्यानं रुमालानं काच पुसली. रेघा तशाच.

मग त्यानं नुसता हुकूम देऊन पाहिला. एकसष्ट आणि तीन रेघा, याचा आकडा कर. मशीननं लगेच उत्तर दिलं, एकसष्ट. दोन रेघा ठेवून विचारलं. एकसष्ट. एक रेघ. एकसष्ट. शेवटी त्यानं आकडा काढूनच टाकला आणि आपलं नाव लिहिलं, देवीदास, याचा आकडा कर. मशीन म्हणालं, शून्य. तेही तितक्याच लगेच.

पुढे कितीतरी वर्षांनी हे सांगतानाही त्याचा आवाज खाली यायचा. "ते अडखळत नाही, भाऊ. समजते तठपर्यंत वाचते, जठी समजलं नाही तठून पुढचं फेकून देते. अन् कोनाले सांगत नाही. मानूस तं निदान तोंड वाकडं करते."

त्यानं खिळ्याला टोचलेली मिस्त्रींची चिठ्ठी काढली आणि छापील यादी शेजारी धरली. छापील यादीतली बेचाळीसच्या बेचाळीस मापं पूर्ण होती. प्रत्येकाच्या पुढे टिंब आणि दोन शून्यं. लोखंडाच्या कामात बेचाळीस मापं अशी नेमकी पूर्ण इंचात कधी येतात का? तो कागद त्याच्या हातातून गेला होता. ती सरळ रांगेतली शून्यं त्याला त्या दिवशी सुंदर वाटली होती.

चौकटीला चौकट धरून ठेवणाऱ्या तिरप्या पट्ट्या पावणेबासष्टऐवजी एकसष्टच्या कापल्या गेल्या होत्या. म्हणजे शनिवारी त्या बसायलाच नको होत्या. आणि ग्यालरी तर उभी होती. मग ती कशी उभी आहे?

सायकल हाणत तो सौंसरला आला तेव्हा दोन वाजून गेले होते. वाटेत दोनदा चेन उतरली. मैदानाच्या फाटकाशी गजानन पान खात उभा होता.

"गजाननभाऊ, पट्ट्या बसल्या होत्या काय?"

"बसवल्या. थोड्या आखूड होत्या तुह्या पट्ट्या. ग्यासनं भोकं लांबवली अन् ओढून घेतल्या. बोल्ट एक-एकच लावला."

"दोन होते ना?"

"दुसरा लागतच नव्हता. मागच्या दोन तारेनं बांधल्या, मिस्त्री आले की वेल्डिंग करू." गजाननानं पिचकारी टाकली. "ग्यालरी उभी हाये ना, बाबू? मंग? तुह्या कंप्युटरचं काम हाये, मी काहून त्यात बोट घालू?"

देवीदास ग्यालरीच्या मागे गेला आणि वाकून आत शिरला.

वरच्या तीन पायऱ्या भरल्या होत्या. बायांनी आधी वरच्याच जागा धरल्या होत्या, खालून आणखी चढत होत्या. आत लोखंडाच्या सावल्यांचं जाळं, शेंगदाण्याची टरफलं, आणि डोक्यावर शेदोनशे पायांची खसखस. त्यानं पहिल्या पट्टीच्या टोकाला हात लावला. ग्यासनं कापलेलं भोक बोटभर लांब होतं, कडा काळ्या, आणि त्यात एकच बोल्ट. वर कुणीतरी सरकून जागा दिली. बोल्ट भोकात पुढे गेला आणि टक्कन परत आला. मग पुढच्या चौकटीतला. मग तिच्या पुढच्यातला. टक, टक, टक, अशी ती हालचाल ग्यालरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली.

मागच्या पट्टीची तार त्यानं पाहिली. ती ताणून पांढरी पडली होती.

मग त्यानं वर पाहिलं. सगळ्यात वरच्या फळीच्या फटीतून दोन टाचा दिसत होत्या. भेगाळलेल्या, एका चपलेला निळा बंद बांधलेला. तो बंद त्यानंच आईला बांधून दिला होता. शेजारी इंदूच्या हिरव्या लुगड्याचा काठ.

त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडलो तर काय होईल ते त्याला दिसलं. सगळ्या एकदम उठतील, एकदम धावतील, आणि जे कदाचित पडलं नसतं ते नक्की पडेल. आणि आणखी एक विचार त्याला आला, तो त्यानंच मला सांगितला म्हणून लिहितो. त्याला वाटलं, तीनच तासांचा खेळ आहे. काही होणारही नाही. संध्याकाळी सगळ्या घरी जातील, रात्रीतून आपण गुपचूप दुसरे बोल्ट लावू, कुणाला कळणार नाही. एवढ्यात वरून एक शेंग फटीतून त्याच्या खांद्यावर पडली, आणि तो दचकून बाहेर आला.

शाळेच्या एका वर्गात आमची रंगभूषेची खोली होती. माझा एक गाल रंगलेला, कपाळावर आडवी चिरी, लुगडं अर्धं नेसलेलं. देवीदास दारात येऊन उभा राहिला.

"भाऊ, खेळ थांबवा."

"काहून?"

"ग्यालरी पडते."

मी ताडकन उठलो. "पडली?"

"नाही. पडते. म्हनजे पडू शकते. मले मालूम नाही, भाऊ. मालूम नाही म्हनून तं सांगून राहिलो."

त्यानं मला सगळं सांगितलं. रेघा, आकडे, भोकं, तार. अर्धं मला कळलं, अर्धं नाही, पण त्याचा चेहरा कळला. अकरा वर्षं मी ते भिणं विंगेत पाहत आलो होतो. पण त्या दिवशी त्याचे ओठ हलत नव्हते. पांढरे पडून बंद झाले होते.

मी म्हणालो, "ठीक. मी माइकवर जातो. दोन गमती करतो, हासत-खेळत उतरवतो खाली."

"हासवू नका."

"काय?"

"हासवू नका, भाऊ. बाया हासल्या की मागं-पुढं डोलतेत. टाळ्या वाजोतेत. पाय आपटतेत. तेच तं नाही पायजे. वरच्या पायरीपासून, एकेक रांग, चालत. कोनी कुदू नोको. अन् ढोलकीवाल्याले सांगा, वाजवू नोको."

तीस वर्षं मी लोकांना हसवून पोट भरलं होतं. आणि आता मला लोकांसमोर जायचं होतं आणि कुणी हसता कामा नये. या लुगड्यात, या गालानं मी नुसता दारात दिसलो तरी हशा पिकतो. मी लुगडं सोडून फेकलं. तोंड रुमालानं खसाखसा पुसलं. बनियन आणि धोतरावर माइकपाशी गेलो.  

ग्यालरी जवळजवळ भरली होती. तीनशेच्या वर बाया, मुली, कडेवरची पोरं.

"माझ्या आया-बहिणींनो," मी म्हणालो, "आजचा खेळ स्टेजवर होणार नाही. आपल्या जुन्या खडी गमतीसारखा, इथं खाली, मैदानात रिंगण करून होईल. तुम्ही सगळ्यांनी खाली येऊन बसायचं आहे. सगळ्यात वरच्यांनी आधी."

कुणी हललं नाही. मग लोधीखेड्याच्या लीलाबाईचा आवाज आला. ही बाई आमच्या प्रत्येक खेळाला यायची आणि नटांना बसल्या जागेवरून सुनवायची.

"काहून उतरावं? जलमभर खालीच बसलो. आज वरतं बसलो तं तुमच्या पोटात दुखून राहिलं काय? आमी उतरलो की मानसं जाऊन बसतीन वरतं."

बाया हसल्या. तीनशे बाया एकदम हसल्या आणि ग्यालरी त्यांच्याबरोबर हलली. मला ती हललेली दिसली. ग्यालरीच्या कोपऱ्याशी देवीदास उभा होता. त्यानं खांब दोन्ही हातांनी धरला, जसा काही तो एकटा तिला सावरणार होता.

मी थांबलो. आवाज जितका सपाट करता येईल तितका केला, शाळेच्या घंटेनंतर सूचना वाचतात तसा. "पुरुष वर बसणार नाहीत. पुरुष आज सगळ्यात मागे उभे राहतील. पुढची सतरंजी बायांची. सोफासुद्धा."

सोफ्यावर वसंतसेठ बसले होते, सोबत दोन अधिकारी. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. सेठ चांगला माणूस, पण त्यांना कुणी उठवायची सवय नव्हती. माझ्या पुसलेल्या तोंडावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. ते उठले. ते उठले म्हणून अधिकारी उठले, आणि मग सतरंजीवरचे पुरुष कुरकुरत मागे सरकू लागले.

लीलाबाई म्हणाली, "आता कसं. चाला वं बायांनो, सेठच्या सोफ्यावर बसून पाह्यतो कसं लागते ते."

आमच्याकडे बाया गावागावानं बसतात. एका गावच्या एका ओळीत, आपापल्या पिशव्या मधे ठेवून. त्याचा मला उपयोग झाला. मी एकेका गावाचं नाव घेतलं, वरच्या ओळीपासून. लोधीखेडा. मग रामाकोना. मग सावरगावहून आलेल्या. हळू उतरा, पोरं कडेवर घ्या, घाई नाही, खेळ तुमच्याशिवाय सुरू होत नाही. मी वीस मिनिटं बोललो आणि त्यात एकही वाक्य गमतीचं नव्हतं. प्रत्येक ओळ उतरताना फळ्यांवर पावलं वाजायची आणि मी मनात मोजायचो, आता किती राहिल्या, आता किती. एका पोरानं मधल्या पायरीवरून उडी मारली. काहीतरी कडाडलं. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्याच वेळी सोफ्यावरच्या जागेवरून दोघींचं भांडण लागलं होतं.

शेवटी ग्यालरी रिकामी झाली. एकटी अंबाबाई वर बसून होती.

इंदू खालून सासूला हाका मारत होती, "मामीजी, या ना खाली." म्हातारी ढिम्म हलेना. दोन्ही हात मांडीवर, पदर डोक्यावर, थेट समोर पाहत.

"मी नाही उतरत," ती म्हणाली. "माह्या पोरानं बनवली हे ग्यालरी. मी येथूनच पाह्यतो."

एका म्हातारीचं वजन ते किती. देवीदासलाही ते कळत होतं. पण तार त्यानं पाहिली होती. तो पायऱ्या चढू लागला. कडेकडेनं, खांबावरच्या भागावर पाय ठेवत, एकेक फळी चाचपत. वरच्या पायरीच्या एक पायरी खाली तो थांबला. मी माइक बंद केला होता आणि पायऱ्यांच्या तळाशी जाऊन उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"माय, उतर. हे कच्ची हाये."

"कोन म्हनते?"

"मी म्हनतो. माही चुकी झाली. मापं कमी पडले."

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं.  "म्हनून उतरवल्या सगळ्या?"

"हाव."

"सेठले सांगितलं?"

देवीदासनं खाली पुरुषांच्या गर्दीकडे पाहिलं.

"नाही सांगितलं ना," अंबाबाई म्हणाली. "सांगून ये मंग. तू सांगत नाहीस तोवर मी येथून उठत नाही."

"माय, तार तुटन."

"मंग लवकर जा."

तो उतरला. मैदानाच्या मागे, पुरुषांच्या गर्दीत वसंतसेठ उभे होते. तिथपर्यंत जाताना त्यानं तीनदा मागे वळून आईकडे पाहिलं. सेठसमोर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. शब्द एकही गाळला नाही.

 सेठ म्हणाले, "टाइप जयश्रीनं केलं होतं ना?"

"तिनं जे लिहिलं होतं तेच टाइप केलं, सेठजी."

"मग मिस्त्रींनी असं का लिहिलं?"

"मिस्त्री चाळीस वर्षांपासून तसंच लिहितेत. वाचायचं काम माह्या प्रोग्रामचं होतं. त्यानं अर्धंच वाचलं, अन् म्या त्याले 'नाही समजलं' म्हनाले शिकवलंच नव्हतं."

सेठनी ग्यालरीकडे पाहिलं. वर एकटी बसलेली म्हातारी त्यांना दिसली. "ती कोण?"

"माही माय."

"अरे, तिला आधी उतरव ना," सेठ म्हणाले, आणि स्वतःच पायऱ्यांकडे धावले.

अंबाबाई आपली आपण उतरली. कुणाचा हात धरला नाही. सतरंजीवर जागा असूनही ती कडेला बसली, आणि आमचा खेळ रिंगणात दोन तास चालला, तो तिनं पाहिला नाही. ती त्या रिकाम्या फळ्यांकडे पाहत होती. देवीदास वही घेऊन माझ्यामागे बसला होता. मी दोनदा शब्द विसरलो. त्यानं दोन्ही वेळा बरोबर दिला.

त्याला महिनाभर कंप्युटरच्या खोलीत जाऊ दिलं नाही. मिस्त्री नागपूरहून काळा चष्मा लावून आले, ग्यालरीखाली जाऊन अंगठ्यानं एकेक भोक चाचपलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "यादी त्याच पोट्ट्याकडून करून घ्या, सेठ. आता तो सहजासहजी चुकत नाही." मग दोघं शेजारी बसले. देवीदासनं नवा हुकूम लिहिला. आकडा एकदम गिळायचा नाही. एकेक अक्षर उचलायचं. अंक असेल तर अंक. उभी रेघ असेल तर पाव, आणि जितक्या रेघा तितके पाव मिळवायचे. तिसरं काहीही दिसलं की थांबायचं, ती ओळ पडद्यावर दाखवायची आणि माणूस येईपर्यंत पुढे जायचं नाही. मिस्त्रींनी त्याला मुद्दाम वेडीवाकडी मापं सांगून पाहिली. मशीन दर वेळी थांबलं.

पट्ट्या नव्यानं कापल्या, पावणेबासष्टच्या. प्रत्येक टोकाला दोन बोल्ट. एप्रिलमध्ये ग्यालरी परत उभी राहिली तेव्हा मंडळाची आम्ही चार माणसं, मिस्त्री, इंदू आणि अंबाबाई मैदानावर होतो. सकाळचं ऊन होतं. देवीदास म्हणाला, माझ्याआधी कुणी चढायचं नाही.

तो चढला. सगळ्यात वरच्या फळीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तोंड राखेसारखं. कशाला धरलं नाही. आणि मग त्यानं जागच्या जागी उडी मारली. फळी दणकली. पुन्हा मारली. मग टोकाकडे सरकून पुन्हा, दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा. दर उडीनंतर तो थांबून खालचा आवाज ऐकायचा, आणि पुन्हा डोळे मिटून उडी मारायचा. मिस्त्री ग्यालरीखाली उभे राहून एकेका बोल्टवर हात ठेवत होते.

अंबाबाईनं माझं मनगट धरलं होतं. तिची बोटं रुतत होती आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"भाऊ, त्याले म्हना बस झालं," ती म्हणाली. "लय झालं. उतर म्हना त्याले."

मी हाक मारली. त्यानं ऐकली नाही. तो पुढच्या फळीवर गेला होता.